जावईबापूंचा लिनक्स

जर्मनीतून मुलाचा, रोहितचा फोन आला. मुलगी झाली, तीन किलो शंभर ग्रॅम, शुभांगी ठीक आहे. गोटीराम विधात्यांनी फोन खाली ठेवायच्या आत जाहीर करून टाकलं की नातीचं बारसं नाशिकला गंगापूर रोडवरच्या आपल्या फ्लॅटमधूनच होणार. बाळ जर्मनीत, बाळाचे आईबाप जर्मनीत, दुपटीसुद्धा जर्मनीत. पण आत्या नाशिक जिल्ह्यात होती, आणि विधात्यांच्या घरात बाळाच्या कानात नाव आत्याच सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तसं करून बघायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. आत्या म्हणजे गोटीरामांची लेक भाग्यश्री, लासलगावला दिलेली. बाराव्या दिवशी, म्हणजे पुढल्या आठवड्यातल्या शुक्रवारी, तिने बाळाला डोळ्यांनी बघायचं आणि कानात नाव सांगायचं. त्यासाठी इंटरनेट आणि नवा लॅपटॉप लागणार, हे ठरायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळ्या घोळांची सुरुवात अशीच झटपट होत असते.

साल दोन हजार आठ. गोटीराम पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं कव्हर काढायचं आणि संध्याकाळी परत घालायचं काम त्यांच्याकडे आलं होतं, त्यामुळे या क्षेत्रात आपण अगदीच नवखे नाही अशी त्यांची समजूत होती. मंगळवारी सकाळी ते लॅपटॉप घ्यायला म्हणून चप्पल घालत होते, तेवढ्यात दारात जावईबापू उभे राहिले.

समाधानराव म्हणजे भाग्यश्रीचे यजमान. लासलगावला कांद्याचे व्यापारी. सकाळी लिलाव, दुपारी लिनक्स, असा त्यांचा दिनक्रम होता. तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा मासिकाबरोबर, विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या या प्रणालीची फुकट आलेली एक सीडी त्यांनी गंमत म्हणून कॉम्प्युटरमध्ये घातली आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. आपल्या गाळ्यात त्यांनी लिनक्स टाकला, भावाकडे टाकला, गावातल्या वाचनालयात टाकला. लग्नाच्या पत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्येही टाकला होता, पण त्या प्रेसवाल्याने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं.

"मामा, लॅपटॉप मी निवडणार," समाधानराव म्हणाले. "आन् त्याच्यात लिनक्सच टाकायचा."

आता जावयाच्या बाबतीत विधात्यांच्या घरात तीन नियम होते. जावयाला नाही म्हणायचं नाही. जावयाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. आणि जावई चुकला, तर जावई चुकला असं म्हणायचं नाही, ती वस्तू चुकली असं धरायचं. आठ वर्षांपूर्वी समाधानरावांनी स्कूटर मागे घेताना कंपाउंडची कुंडी फोडली तेव्हा गोटीरामांनी त्या कुंडीलाच आडवं बोलून घेतलं होतं. त्यामुळे त्यांनी मुकाट्याने मान डोलावली.

दुकानदाराने लॅपटॉप उघडून दाखवला, पुसला, आणि सवयीने म्हणाला, "विंडोज टाकून देतो, अर्ध्या तासात. बिलबिल काही नाही."

"चोरीचं?" समाधानरावांनी विचारलं. दुकानदार छताकडे बघू लागला. "मामा, आमच्याकडं लिलाव कसा व्हतो? उघड्यावर. माल समद्यांच्या समोर, बोली समद्यांच्या समोर. लिनक्सचं तसंच हाय. आतलं समदं उघडं. कुणीबी बघावं. झाकलेल्या गोणीतला माल मी कधी घेतला नाय, तुम्हाला कसा घेऊ दीन?"

गोटीरामांना हे मनापासून पटलं. माणूस तत्त्वाचा आहे याचा त्यांना अभिमानही वाटला, आणि तो साधारण संध्याकाळी सहापर्यंत टिकला.

सहा वाजता लिनक्स टाकून झाला. पडदा उजळला, पण दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडून मधल्या जागेतच. आवाज नाही. कॅमेरा आहे की नाही याबद्दल लॅपटॉपचं काही मत नव्हतं. वायफाय नावाची वस्तू आपण कधी ऐकलेली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बिनबोभाट चालत होतं ते एकटं घड्याळ, आणि ते लंडनची वेळ दाखवत होतं.

"ड्रायव्हर नाय त्याला," समाधानराव म्हणाले. "मामा, असं समजा, का नवा ट्रॅक्टर दारात उभा हाय. इंजिन हाय, चाकं हायेत, पण चालवणारा नाय. विंडोजवाल्याचे ड्रायव्हर कंपनीच देती. आपले जगभरातली लोकं फावल्या वेळात लिहित्यात. ह्या लॅपटॉपचा अजून कुणी लिहिला नसंल. मॉडेल लय नवं हाय."

"मग?"

"मग आपण जमवायचा," समाधानराव म्हणाले, आणि त्यांचे डोळे असे चमकले की गोटीरामांनी लॅपटॉप थोडा आपल्याकडे ओढून घेतला. पण खरं सांगायचं तर त्यांना थोडी गुदगुलीही झाली. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी 'आपण जमवायचं' असं म्हटलं नव्हतं, 'जमवून ठेवा' असंच म्हटलं होतं.

बुधवारी गोटीराम टेलिफोनच्या कचेरीत ब्रॉडबँडचा अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज चाळला आणि परत सरकवला. फोन केरू विधाते यांच्या नावावर होता, तेव्हा सही त्यांचीच हवी.

"ते माझे वडील. वारले," गोटीराम म्हणाले.

"कधी?"

"एक्क्याण्णव साली."

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मग इतकी वर्षं फोन कोण वापरतंय?"

एकतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत गोटीरामांनी पेन्सिलीचं टोकसुद्धा घरी आणलं नव्हतं. भर कचेरीत आपण मयताचा फोन वापरणारे ठरतोय हे लक्षात येताच ते अर्ज घेऊन जे निघाले ते थेट रिक्षात बसले.

मग शेजारच्या आक्काबाई धावून आल्या. आक्काबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मुलाकडे बिनतारी इंटरनेट होतं आणि ते भिंतीपलीकडून विधात्यांच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी, अगदी उत्तम यायचं. तार ओढायला त्यांनी साफ नकार दिला, कारण भिंतीला नुकताच रंग दिला होता. पासवर्ड सांगायलाही नकार दिला. "मी स्वतः येऊन टाकत जाईन," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी यायला लागल्या. पासवर्ड टाकायला जागाच येत नव्हती, त्यामुळे त्यांना सल्ले द्यायला भरपूर वेळ मिळायचा. लॅपटॉपचं तोंड पूर्वेला करा. त्याला ऊन दाखवा. आमच्या शाळेत एक रेडिओ होता, तो चापट मारल्यावर लागायचा.

थोडक्यात, वायफाय लागल्याशिवाय बारसं नाही. समाधानराव जिद्दीला पेटले. लासलगावचा लिलाव भावावर सोपवून ते रोज सकाळी नाशकात हजर व्हायचे. आणि जावई जेवायला म्हणजे पाट आला, ताटाभोवती रांगोळी आली, गोडधोड आलं. गोटीरामांच्या पत्नी लताबाईंनी पहिल्या ड्रायव्हरला बासुंदी केली. दुसऱ्याला पुरणपोळी केली. तिसरा ड्रायव्हर मूळचा दुसऱ्याच कुठल्या मशीनचा निघाला, त्याला गुलाबजाम झाले. शनिवारी त्या गोटीरामांना आत बोलावून हळूच म्हणाल्या, "अहो, अजून किती ड्रायव्हर आहेत? साखर संपत आली."

गोटीरामांना मात्र हळूहळू चटक लागत होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं, की ओळीमागून ओळी धावत सुटायच्या. त्यांनी एक वही केली आणि प्रत्येक आज्ञा ड्राफ्ट्समनच्या ठाशीव अक्षरांत, खाली लाल शाईची रेघ मारून उतरवून ठेवली. आयुष्यभर त्यांनी आज्ञा घेतल्या होत्या. आता कुणीतरी त्यांच्या आज्ञा घेत होतं, भले त्या पाळत नसेना. सकाळी दात घासतानाही त्यांना आतून उकळ्या फुटायच्या.

शनिवारी दुपारी समाधानराव पाचव्यांदा ड्रायव्हर जुळवून हात धुवायला गेले. गोटीराम सहज लॅपटॉप उचलून बघत होते. बारीक खुणा वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, अगदी खालच्या अंगाला, त्यांना नखाएवढं एक बटण दिसलं. शेजारी मनोऱ्याचं चित्र आणि त्यातून निघणाऱ्या लाटा. बटण डावीकडे सरकवलेलं होतं, म्हणजे बंद.

पाच दिवस. पाच ड्रायव्हर आणि तीन पक्वान्नं. आणि वायफायचं बटणच बंद.

हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार? जावईबापू, बटण चालू करायचं राहिलं? जगातल्या कुठल्याही सासऱ्याने ते सांगितलं असतं, पण विधात्यांच्या घरात ते शक्य नव्हतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, नखाने बटण उजवीकडे सरकवलं, लॅपटॉप होता तसा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

समाधानराव आले, बसले, एंटर दाबलं. निळा दिवा लागला. त्यांनी दिव्यावर बोट ठेवून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मामा, लागला. मी जुळवलेल्या ड्रायव्हरवर लागला."

"वा, जावईबापू," गोटीराम म्हणाले. खोटं इतक्या सहज बोलता येतं हे त्यांना माहीत नव्हतं. आक्काबाईंनी येऊन पदराआड पासवर्ड टाकला. समाधानरावांनी लासलगावला चार फोन लावले. लताबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकून साधी भाकरी टाकली.

पण झाकली मूठ कधी ना कधी महाग पडतेच. आपला ड्रायव्हर चालला, तेव्हा आपली पद्धत बिनचूक, असं समाधानरावांनी मनाशी घेतलं. रविवारी ते म्हणाले, "आता आवाज आन् कॅमेरा मी एका दमात करतो. मशीनचं काळीजच नवं घालतो, लिनक्सचा मूळ प्रोग्राम." पद्धतीचा आणि यशाचा काही संबंध नाही हे सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो तोंड शिवून बसला होता.

नवं काळीज घातल्यावर काळ्या पट्ट्या गेल्या, हे मान्य केलं पाहिजे. पण माउस वर सरकवला की बाण खाली जायला लागला. दोन दिवस गोटीराम सगळं उलट्या हाताने करत होते आणि तिसऱ्या दिवशी माउस सुधारला तेव्हा त्यांचाच हात सुधारेना. आवाज येऊ लागला, पण फक्त येऊ लागला. इकडचा तिकडे जाईना. आणि कॅमेरा चालू झाला तो उलटा.

हे गुरुवारच्या तालमीत कळलं. रोहितशी जोडणी झाली, जर्मनीतला त्याचा चेहरा पडद्यावर आला, तो क्षणभर थबकला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही आणि आई छताला का लटकलाय?"

इकडून गोटीरामांनी पुष्कळ खुलासा केला, पण तो जर्मनीला पोचला नाही. शेवटी त्यांनी तो वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरला. रोहितने मान उलटी वाकवून तो वाचला आणि म्हणाला, "असू दे दादा. उद्या मी माझा मॉनिटरच उलटा करून ठेवतो." पोरगा इंजिनिअर झाला त्याचं त्या वेळी चीज झालं.

"मायक्रोफोन राह्यला," समाधानराव म्हणाले. "उद्या सकाळी हमखास करतो."

शुक्रवारी सकाळी तो झाला नाही. दुपारी बारापर्यंत झाला नाही. साडेचारला जर्मनीत दुपारचे बारा वाजतात, आणि ती वेळ पक्की ठरलेली. चार वाजता आक्काबाई नातवाचा स्टीलचा पाळणा घेऊन आल्या. पाळण्याशिवाय बारसं कसलं, असं त्यांचं म्हणणं. पण रिकामा पाळणा हलवू नये, हेही त्यांचंच म्हणणं. तेव्हा तोडगा असा निघाला की लॅपटॉप पाळण्यात ठेवायचा. पाळणा अर्थातच स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. भाग्यश्री सुती साडी नेसून, केसांत गजरा माळून आली होती. पाळण्यात आधी वरवंटा ठेवायची रीत आहे, आणि तो लताबाईंनी धुऊन, नवं झबलं घालून तयारही ठेवला होता. गोटीराम आयुष्यात पहिल्यांदा रीतीच्या आड आले आणि वरवंटा उचलून गच्चीत ठेवून आले.

साडेचारला जोडणी झाली. पडद्यावर आधी नुसते चौकोन आले, मग चौकोनांचं पांढरं दुपटं झालं, आणि दुपट्यात एक लालबुंद, मिटल्या मुठींचं, जांभई देणारं माणूस दिसलं. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. गोटीराम मटकन पिठाच्या डब्यावर बसले. आळीतून जमलेल्या बायकांचे हात सवयीने पाळण्याच्या दोरीकडे गेले आणि पाळणा झुलू लागला. "आई, थांबव, आम्हाला गरगरतंय," तिकडून रोहितचा आवाज आला. त्या थांबल्या.

"आत्या, सांग नाव," रोहित म्हणाला.

भाग्यश्री वाकली, लॅपटॉपला तोंड लावून तीनदा कुर्रर्र केलं. जर्मनीत काही पोचलं नाही. रोहितने कानाकडे बोट दाखवून मान हलवली. बाळाने ओठ काढले. पाच मिनिटांत ते रडणार आणि मग त्याला दूध पाजायला न्यावं लागणार, हे सगळ्या बायकांना एकाच वेळी कळलं.

समाधानराव पुढे झाले. "एक मिनिट. मी मशीन बंद करून चालू करतो. आवाजाचं आत्ता ध्यानात आलं माझ्या." आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

बारा दिवसांचं सगळं गोटीरामांच्या डोळ्यांसमोर आलं. ती लालबुंद जिवणी समोर होती, आणि पडदा आता काळा होणार होता. ते डब्यावरून उठले कसे ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी जावयाचं मनगट धरलं.

"समाधान, हात काढ," ते म्हणाले. "लांब हो. आता बोट जरी लावलंस ना, तर उचलून लासलगावला फेकून देईन तुला."

लताबाईंचा हात तोंडावरून कपाळावर गेला. आठ वर्षांत या घरात जावयाला कुणी अरे म्हटलं नव्हतं, आणि हे तर सगळ्या आळीसमोर. समाधान हात छातीशी घेऊन दोन पावलं मागे सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

त्याच वेळी भाग्यश्रीचा मोबाइल वाजला. पडद्यावर रोहित फोन कानाला लावून उभा दिसत होता. "ताई, हा फोन मी तिच्या कानाशी धरतो. बघत राहा आणि बोल," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच फोन बाळाच्या कानाशी नेला. भाग्यश्रीने डोळे पडद्यावर ठेवले आणि मोबाइल ओठांशी धरून इतक्या हळू नाव सांगितलं की शेजारी उभ्या असलेल्या आईलाही ते ऐकू गेलं नाही.

फोन जलद पोचत होता आणि चित्र मागून येत होतं. त्यामुळे नाव सांगून झाल्यावर दोन-तीन सेकंद काहीच झालं नाही. सगळे पडद्याकडे बघत राहिले. मग पडद्यावरचं बाळ एकदम थबकलं, काढलेले ओठ आत घेतले आणि कुठून आवाज आला हे शोधत डोळे उघडले. त्याला आपलं नाव ऐकू आलं, ते गोटीरामांनी डोळ्यांनी बघितलं.

"शेवंती," भाग्यश्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

गोटीरामांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मखमलाबादच्या मळ्यात त्यांच्या वडिलांनी अर्धा एकर शेवंती लावली होती. त्या शेवंतीच्या टोपल्या डोक्यावरून नाशकात आणूनच त्यांना ड्रॉइंग शिकायला घातलं होतं. हे लेकीला कधी सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना.

पेढे वाटले गेले, बायका हळदीकुंकू घेऊन पांगल्या, आक्काबाई पाळणा नंतर पाठवा म्हणून घरी गेल्या. समाधान अजून त्याच भिंतीला टेकून उभा होता. गोटीराम त्याच्यासमोर गेले.

"जावईबापू, मघाशी माझ्या तोंडून जे गेलं..."

"मामा, ऱ्हाऊ द्या," समाधान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता. "आठ वर्षं झाली. मी आलो का मामी पाट मांडती, तुम्ही खुर्चीवरून उठून उभं ऱ्हाता. कुंडी फोडली तरी तुम्ही कुंडीलाच बोलता. मला रोहितसारखं कधी कुणी वरडंल का, असं लय वाटायचं. आमच्या घरी मला समदे वरडत्यात."

गोटीरामांनी खाकरून घसा साफ केला.

"मग असा भिंतीला टेकून काय उभा राहिलास? पाळणा उचल आणि आक्काबाईंकडे पोचवून ये. आणि जिन्यात आपटू नकोस, त्यांना भिंतीच्या रंगाची फार काळजी. आलास की मायक्रोफोनचं बघू. या खेपेला मी सांगतो ते आधी ऐकायचं."

समाधानने लॅपटॉप अलगद काढून ओट्यावर ठेवला, पाळणा खांद्यावर घेतला आणि निघाला. तो परत आला तेव्हा लताबाईंनी त्याच्या हातात चहा दिला. पाट नाही, रांगोळी नाही, घरातल्यांच्या कानतुटक्या कपात, बशीशिवाय.